निरीश्वरवादी लेखिकेची कादंबरी अमेरिकेतल्या उजव्यांना आपली कशी वाटली?

पानोपानी: आयन रँडची 'अॅटलस श्रग्ड' काल संपवली. कादंबरीचा नायक जॉन गॉल्ट याचं रेडिओवरचं भाषणच मला तीन रात्री पुरलं. एक कोडं मात्र सुटत नाही. बाई कट्टर निरीश्वरवादी, परोपकाराला सद्गुण मानायलाच तयार नाहीत. तिकडचे उजवे चर्चला जाणारे, कुटुंब-परंपरा जपणारे. त्यांना ही कादंबरी इतकी जवळची का?

जुनी_जिल्द: सुरुवातीला नव्हतीच. पुस्तक आलं 1957 च्या ऑक्टोबरात. डिसेंबरात 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्यांच्याच नियतकालिकात व्हिटेकर चेंबर्स या उजव्या लेखकाने ते अक्षरशः सोलून काढलं. रँडही स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवून घेत नसत. 1976 मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या रोनाल्ड रेगनना त्यांचा विरोध होता, रेगनच्या गर्भपातविरोधी भूमिकेमुळे.

उशिराचा_वाचक: मी विशीत वाचली आणि पुरता भारावलो. पुढे पंधरा वर्षांनी पुन्हा हातात घेतली तेव्हा बोगद्याच्या प्रसंगाशी अडकलो. एका पुढाऱ्याच्या हट्टापायी कोळशाचं इंजिन लावून गाडी लांबलचक बोगद्यात सोडतात. सगळे धुराने गुदमरून मरणार, आणि त्याआधी लेखिका डब्याडब्यातून फिरत एकेका प्रवाशाचे विचार सांगते, जणू प्रत्येकाचा गुन्हा वाचून दाखवतेय. त्यात एक आई आहे, वरच्या बर्थवर दोन मुलांना निजवून त्यांचं पांघरूण नीट करणारी. तिचा दोष काय, तर नवरा सरकारी हुकूम राबवण्याच्या नोकरीत. पण ती मुलं? विशीत हे पान मी सरसर उलटलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नाबद्दल मला वाटतं ते असं. उजव्यांनी रँडचं तत्त्वज्ञान घेतलं नाही, तिची चीड घेतली: कमावणारे आम्ही, आणि आमच्या जिवावर बसून खाणारे दुसरे. तेवढं उचलायला देव सोडावा लागत नाही. रिपब्लिकन पुढारी पॉल रायनने 2005 मध्ये सांगितलं की राजकारणात येण्यामागे रँडच्या विचारांचा मोठा वाटा होता. 2012 मध्ये उपाध्यक्षपदाला उभं राहायच्या थोडं आधी तोच म्हणाला, ते तत्त्वज्ञान नास्तिक आहे, मला नको, मला थॉमस अक्वायनस हा मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ हवा. मधल्या काळात, 2009 मध्ये, टी पार्टी या करांना आणि सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या उजव्या चळवळीच्या मोर्च्यांत 'जॉन गॉल्ट कोण?' असे फलक फिरत होते. त्यातल्या कितींनी ते भाषण शेवटपर्यंत वाचलं असेल? मला नाही वाटत फार जणांनी.

जुनी_जिल्द: बोगद्याबद्दल मान्य. पण नुसती चीड म्हणून सोडून देऊ नका. त्यातली मोटार कारखान्याची गोष्ट आठवा. पगार कामावर नाही, गरजेवर ठरतो, म्हणून माणसं आपली हुशारी लपवायला लागतात आणि शेजाऱ्याच्या घरी मूल झालं तरी कपाळाला आठ्या घालतात. हे लिहिणाऱ्या बाईच्या वडिलांचं औषधांचं दुकान बोल्शेविकांनी जप्त केलं होतं, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. उजव्यांना धरून ठेवलं ते या पानांनी.

पानोपानी: कारखान्याचा भाग मी एका बैठकीत वाचला होता, खाली ठेववेना. बोगद्याचं प्रकरण आज रात्री पुन्हा काढते. ती आई मला आठवतच नाहीये.