गोळीशिवाय झोप: ब्रेन ट्रेनिंगचा कुणाला खरंच फायदा झालाय का?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. वय 46, नाशिक. दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी होते तेव्हा कित्येक रात्री त्यांच्या उशाशी बसून काढल्या, दर दोन तासांनी ऑक्सिजन बघायचा, कूस बदलून द्यायची. बाबा गेले, पण माझी झोप काही परत आली नाही. दहाला आडवी होते, बारा-साडेबारापर्यंत पंख्याकडे बघत पडते, कसाबसा डोळा लागतो की अडीचला टक्क जाग, मग दूधवाल्याची गाडी येईपर्यंत नुसती तळमळ. डॉक्टरांनी अल्प्राझोलम 0.25 दिली ती सहा महिने चालू आहे आणि आता स्ट्रिप संपत आली की धडकी भरते, हेच मला नकोय. एका सेंटरमध्ये न्यूरोफीडबॅक म्हणून मेंदूचं ट्रेनिंग सांगितलं, 30 सेशन, पैसे आधी भरायचे. कुणी केलंय का? खरंखरं सांगा.

कृष्णाकाठ:
ताई, मी केलंय, 20 सेशन. डोक्याला जेल लावून सेन्सर चिकटवतात, समोर स्क्रीनवर विमान असतं, मेंदूच्या लहरी त्यांना हव्या त्या पट्ट्यात आल्या की ते वर जातं नाहीतर खाली. घरी येऊन केसातलं जेल धुवायला लागायचं. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं खरं, कुणीतरी आपल्यासाठी काही करतंय, तासभर शांत बसायला मिळतंय. सेशन संपली आणि महिनाभरात पहिले पाढे पंचावन्न. माझं म्हणाल तर आधी एवढे पैसे भरू नका.

समुपदेशक_पुणे:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. न्यूरोफीडबॅक हे थोतांड नाही, 1960 च्या दशकात बॅरी स्टर्मन या संशोधकांनी मांजरांवर प्रयोग केले तिथून मेंदूच्या 12 ते 15 हर्ट्झच्या (सेकंदाला 12 ते 15 वेळा) लहरी वाढवायची ही पद्धत आली. पण निद्रानाशासाठी 2017 साली 'ब्रेन' या जर्नलमध्ये ऑस्ट्रियातल्या मॅन्युएल शाबुस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात लोकांना खरं ट्रेनिंगही दिलं आणि खोटंही, कुठलं कधी ते त्यांना कळू न देता. झोपेच्या तक्रारी दोन्हींमध्ये सारख्याच कमी झाल्या. म्हणजे बरं वाटलं ते खरं, पण ते लहरी बदलल्यामुळे नाही. कृष्णाकाठ यांनी लिहिलंय ते म्हणूनच मला अगदी पटलं.

ताई, मेंदूला शिकवायचंच असेल तर सीबीटी-आय करा, म्हणजे निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून हीच सुचवली, गोळीच्या आधी. तुमच्या मेंदूने दोन वर्षांत एक धडा पक्का केलाय, की गादी म्हणजे पहारा. तो पुसायचा. झोप आली तरच गादीवर जायचं, वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत. सकाळी उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. आणि गादीवरचा वेळ कमी करायचा: समजा कुणी दहा ते सहा म्हणजे आठ तास पडतं पण झोपतं साडेपाचच, तर साडेबारा ते सहा एवढंच. पडलेल्या वेळेतला 85 टक्के वेळ झोप लागायला लागली की 15 मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र जायचं नाही, आणि फिट्स, बायपोलर किंवा गाडी चालवायचं काम असेल तर हा भाग स्वतःच्या मनाने अजिबात नको. घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी त्याची तपासणी.

अल्प्राझोलम एकदम बंद करू नका, कृपा करून. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायची.

लसूणवाला:
मी हे केलंय, वर म्हटलंय तेच. पहिला आठवडा अक्षरशः नको नको होतो, साडेअकरालाच डोळे मिटायला लागायचे पण बायको म्हणायची अजून तासभर आहे, बसा. मी स्वयंपाकघरात मंद दिवा लावून लसूण सोलत बसायचो, मोबाईल कपाटात. तेवढं साधं काम बरं पडतं, टीव्ही नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली तर बाहेर उजाडलेलं, मला खरंच वाटेना, उठून गॅलरीत जाऊन बघितलं. रोज सकाळी वहीत लिहायचं, कधी पडलो, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलो. ती वही बघूनच मला कळलं की मला वाटत होतं त्यापेक्षा मी जास्त झोपत होतो.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. "गादी म्हणजे पहारा" वाचून रडूच आलं, अगदी तसंच आहे. मी अजून त्याच खोलीत, त्याच पलंगाशेजारी झोपते. दुपारी अर्धा तास पडते ते चालेल का?

समुपदेशक_पुणे:
सध्या दुपारची झोप बंद. आणि शक्य असेल तर खोली बदला, नाहीतर निदान पलंगाची दिशा तरी.