ओकिनावात अमेरिकेच्या राज्यात निवडणुका व्हायच्या, पण त्यांना अर्थ काय होता?

जागरणवाला:
सध्या ओकिनावाचा, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांचा, इतिहास वाचतोय. 1972 पर्यंत कारभार अमेरिकेचा, 1958 नंतर तर चलनही डॉलर. आणि तरी 1952 पासून तिथं विधिमंडळाच्या निवडणुका, पक्ष, प्रचारसभा सगळं रीतसर चालू. मग सत्ता कोणाकडे होती? लोक मत तरी कशाला द्यायचे?

नकाशेबहाद्दर:
सत्ता लष्कराकडेच. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या 1957 च्या आदेशानं हायकमिशनर हे पद आलं आणि त्यावर बसायचा लष्करी जनरल. विधिमंडळानं केलेला कायदा तो रद्द करू शकायचा, स्वतःचे वटहुकूम काढू शकायचा. स्थानिक सरकारचा प्रमुख तर सुरुवातीला अमेरिकन प्रशासनच नेमायचं, पहिले होते हिगा शुहेई. 1963 ला कॅरावे नावाच्या हायकमिशनरनं भाषणात सांगूनच टाकलं की स्वायत्तता ही दंतकथा आहे. आता बोला.

कोपरातली_खुर्ची:
कागदावर बरोबर आहे, पण सेनागा कामेजिरो या पीपल्स पार्टीच्या पुढाऱ्याचं प्रकरण वाचा म्हणजे मत कशाला द्यायचे ते कळेल. 1952 ला विधिमंडळात निवडून आला, सरकारच्या उद्घाटनाला सगळे शपथेसाठी उभे राहिले आणि हा एकटा बसून. 1954 ला तुरुंगात टाकला, सुटून आला तर 1956 च्या डिसेंबरात लोकांनी त्याला थेट नाहाचा, म्हणजे तिथल्या मुख्य शहराचा, महापौर केला! मग अमेरिकन प्रशासनानं शहराची मदत थांबवली, बँकेतले पैसे गोठवले, तर लोक आपणहून टॅक्स भरायला रांगा लावून उभे. शहराच्या कौन्सिलनं अविश्वास ठराव आणला, तर सेनागानं कौन्सिलच बरखास्त केलं, नव्या निवडणुकीत ठराव अडवण्याइतके त्याचे लोक आले. शेवटी हायकमिशनरनं नियमच बदलला, साध्या बहुमतानं काढता येईल आणि शिक्षा झालेल्याला उभं राहता येणार नाही असा. तो गेला, पण 1958 च्या पोटनिवडणुकीत त्यानं पाठिंबा दिलेलाच माणूस जिंकला 😄

नकाशेबहाद्दर:
हो पण ते नाहापुरतं झालं ना, विधिमंडळात सेनागाचा पीपल्स पार्टी कायम छोटाच राहिला.

आडवातिडवा:
विधिमंडळ अगदीच शोभेचं नव्हतं हो. 1962 च्या 1 फेब्रुवारीला एकमतानं ठराव केला की ओकिनावा जपानला परत द्या, आणि त्यात युनोच्या वसाहतींविरुद्धच्या जाहीरनाम्याचा हवाला दिला. हे अमेरिकेला चांगलंच झोंबणारं होतं. 1967 ला शिक्षकांच्या राजकीय कामावर बंदी आणणारी बिलं आली तर शिक्षकांनी विधिमंडळाला वेढा घातला आणि ती बिलं मेली.

जागरणवाला:
मग सगळेच परतीच्या बाजूचे असतील तर भांडण कशावर होतं?

आडवातिडवा:
कधी आणि कसं यावर. 1968 च्या नोव्हेंबरात सरकारच्या प्रमुखाची पहिली थेट निवडणूक झाली. अमेरिकेचे लष्करी तळ आहेत म्हणून रोजगार आहे हेही खरंच होतं, त्यामुळे एक उमेदवार निशिमे जुंजी सांगत होते की घाई केलीत तर पुन्हा रताळी खात अनवाणी फिरायची वेळ येईल. समोर शिक्षक संघटनेचे यारा चोब्यो, मागणी ताबडतोब आणि विनाअट परतीची. यारा जिंकले. पण गंमत अशी की त्याच दिवशीच्या विधिमंडळ निवडणुकीत बहुमत मिळालं निशिमेंच्या लिबरल डेमोक्रॅट्सना, म्हणजे प्रमुख एका बाजूचा आणि सभागृह दुसऱ्या बाजूचं.

कोपरातली_खुर्ची:
आणि 1970 ला परतीच्या आधीच जपानच्या संसदेसाठी ओकिनावात मतदान झालं, त्यात सेनागा पुन्हा निवडून आला. नियम बदलणारे जनरल तोवर कधीच घरी गेले होते.