बॅच म्हणजे नुसता गट नव्हे

'बॅच आणि ग्रुप एकच, शब्द बदलला इतकंच' हे काही पटलं नाही. बॅच हा 'बेक'चा सख्खा भाऊ. भट्टीतून एका वेळी जेवढे पाव निघत, तेवढ्यांची ती बॅच. इंग्रजीत 'वेक'वरून (जागणं) 'वॉच' (पहारा) झालं, तसंच हे. त्यामुळे 'एका वेळी, एकाच प्रक्रियेतून निघालेलं' ही अट त्या शब्दाच्या पोटातच आहे. ग्रुप काय, कशाचाही होतो.

आपल्याकडे याला चपखल शब्द आहे, घाणा. 'पहिला घाणा करपला' यात नेमका हाच अर्थ. पण विद्यार्थ्यांचा घाणा म्हणता येत नाही (म्हणावंसं कितीही वाटलं तरी!), तिथे तुकडी.

ही अट किती कामाची आहे, ते औषधाच्या पट्टीवर दिसतं. बॅच नंबर छापलेला असतो तो यासाठीच: दोष सापडला तर तेवढ्याच गोळ्या परत मागवायच्या, सगळं उत्पादन नाही. विणकाम करणाऱ्यांना विचारा. लोकरीच्या गुंड्यांवर डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, आकडा असतो. रंग तोच, नाव तेच, पण लॉट वेगळा आला की स्वेटरच्या एका बाहीची छटा हलकीशी वेगळी दिसते. उन्हात तर लगेच. इथे लॉट आणि बॅच एकच.

संगणकातलं बॅच प्रोसेसिंगही तसंच. पंच कार्डांच्या (भोकं पाडून माहिती भरायच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या) काळात कामं साठवून एकदम चालवत. डॉस या जुन्या संगणक प्रणालीतल्या फाइलींच्या नावांचं 'डॉट बॅट' हे शेपूट त्यातलंच, वटवाघळाशी संबंध नाही.