मदत हवी आहे : सुभेदार पणजोबांचं तैलचित्र

मंडळी, दापोलीजवळच्या आमच्या गावच्या घरी माजघरात पणजोबांचं तैलचित्र आहे. फेटा, सुभेदाराचा गणवेश, छातीवर दोन पदकं. त्यातल्या एकाची फीत लाल-पांढरी-निळी, म्हणजे बहुधा पहिल्या महायुद्धातलं ‘१९१४-१५ चा स्टार’ हे पदक. ते इराकात कुतच्या वेढ्यात होते, असं आजी सांगायची. एप्रिल १९१६ मध्ये तिथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. पणजोबा कोणत्या पलटणीत होते? कॉलरवरचा बिल्ला नेमका बुरशीने खाल्लाय. खरी पदकं असती तर मागच्या बाजूला किंवा कडेवर कोरलेलं नाव-पलटण वाचता आलं असतं, पण ती वाटणीत कुठे गेली कोणालाच माहीत नाही.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जुन्या नोंदी घरच्यांना बघू देतात का? कोणी जाऊन आलंय का? सोबत कोणते कागद न्यावेत?

दुसरं, खालच्या कोपऱ्यात सहीतलं फक्त ‘कर’ उरलंय, आणि तिथलेच रंगाचे पापुद्रे सुटताहेत. घरचे ओल्या फडक्याने पुसायला निघाले होते, मी हात लावू दिला नाही. रत्नागिरी किंवा मुंबईत जुनी तैलचित्रं जपून दुरुस्त करणारं खात्रीचं कोणी असेल तर पावसाआधी कळवा, प्लीज.