‘सिन्सिअर’ला इंग्रजीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधली एक टेक्निशियन आयर्लंडमधल्या नोकरीसाठी अर्ज करते आहे. चार वर्षं माझ्या हाताखाली आहे. तिचं शिफारसपत्र मी इंग्रजीत लिहिलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. रिपोर्टापुरतं इंग्रजी रोज लिहिते, पण माणसाविषयी इंग्रजीत लिहायची वेळ कधी आली नव्हती. पत्रात एक वाक्य आहे : ‘शी इज व्हेरी सिन्सिअर, सिंपल अँड ओबिडियंट.’ भाचा तिकडे राहतो. त्याला दाखवलं तर म्हणाला, “मावशी, ही तिन्ही विशेषणं काढून टाक.” मला ते पटत नाही. यातला एक शब्दही खोटा नाही, मुलगी खरंच तशी आहे. मग अडतंय कुठे? आणि ‘सिन्सिअर’ काढला तर त्या जागी कोणता शब्द घालू?

प्रतिसाद १

ताई, मुलगी तशी आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी भाच्याचं ऐका.

‘सिन्सिअर’ आपण इंग्रजी समजून वापरतो, पण आपल्या तोंडात तो कधीच मराठी झालाय. ‘पोरगी सिन्सिअर आहे’ म्हणजे वेळेवर येते, काम टाळत नाही, कुणाचं लक्ष नसलं तरी नीट करते. तिकडे सिन्सिअर म्हणजे पोटात एक आणि ओठात एक असं नसलेला. सिन्सिअर माफी म्हणजे मनापासून मागितलेली माफी. शब्द भावनेचा आहे, कामाचा नाही.

अर्थ असा का सरकला असेल? मला वाटतं, ‘प्रामाणिक’मुळे. ‘अभ्यास प्रामाणिकपणे कर’ असं आई म्हणते तेव्हा ती कॉपी करू नकोस एवढंच सांगत नसते, अंग चोरू नकोस असंही सांगत असते. मराठीत खरेपणा आणि कष्ट एकाच शब्दात नांदतात. इंग्रजीत त्यांची घरं वेगळी आहेत. म्हणून ‘ऑनेस्ट’ घालूनही भागणार नाही, उलट लॅबमध्ये पैशाअडक्याचा काही विषय होता की काय, असं वाचणाऱ्याला वाटेल.

‘सिंपल’ मात्र आजच काढा. ‘साधी’ हे आपल्याकडे मोठं कौतुक आहे : डामडौल नाही, मागणं नाही. पण इंग्रजीत माणसाला सिंपल म्हटलं की तो बुद्धीनं कमी, असा अर्थ निघू शकतो. ‘ओबिडियंट’ हा शब्द लहान मुलांना आणि पाळीव कुत्र्यांना लावतात. सांगितलं तेवढंच करणारी टेक्निशियन कोणत्या लॅबला हवी असेल?

ही विशेषणं शाळा-कॉलेजच्या दाखल्यातून आपल्या हातात बसली आहेत. ‘बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर’ हे त्यातलंच. दाखला देणारा मुलाला फारसा ओळखत नसतो, म्हणून असे शब्द वापरतो. तुम्ही तिला चार वर्षं रोज पाहिलंय. तेव्हा आधी मराठीत सांगा, सिन्सिअर म्हणजे ती नेमकं काय करायची? एखादा प्रसंग आठवतोय का?

प्रतिसाद २

‘सिन्सिअर’ची एक व्युत्पत्ती वाचली होती. लॅटिनमध्ये ‘सिने सेरा’ म्हणजे मेणाशिवाय. मूर्तिकार संगमरवरातल्या चिरा मेणानं बुजवत, ज्या मूर्तीत मेण नाही ती सिन्सिअर.

प्रतिसाद ३

गोष्ट छान आहे, पण ती मागाहून रचलेली आहे. मूळ लॅटिन शब्द ‘सिन्सेरुस’, त्याचा अर्थ स्वच्छ, निर्भेळ. ‘प्रामाणिक’चं मूळ मात्र इथे कामाचं आहे. प्रमाण म्हणजे पुरावा, माप. जे प्रमाणाला धरून आहे ते प्रामाणिक. लॅबमधल्या माणसाला याहून चपखल शब्द सापडायचा नाही.

मूळ प्रश्नकर्ती

प्रसंग विचारलात म्हणून सांगते. रात्रपाळी होती, दोनच्या सुमारास वॉर्डमधून सॅम्पल आलं. पोटॅशियम ९.२ निघालं. नॉर्मल ३.५ ते ५ असतं. असा आकडा आला की फोन करून तातडीनं कळवायचा, हा नियम. रेसिडेंट डॉक्टर फोनवर घाई करत होते. हिनं आकडा दिला नाही. आधी सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, बघितलं, तर ते लाल नव्हतं, म्हणजे पेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम बाहेर आलेलं नव्हतं. मग त्याच सॅम्पलवर कॅल्शियम लावलं, ते आलं ४, म्हणजे फारच कमी. तिथे तिच्या लक्षात आलं. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये पोटॅशियम ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि स्वतःचं पोटॅशियम मिसळतं. रक्त कमी पडलं म्हणून वॉर्डात कुणीतरी जांभळीतलं थोडं लाल टोपीच्या ट्यूबमध्ये ओतलं होतं.

तिनं डॉक्टरांना सांगितलं, “सर, हा आकडा पेशंटचा नाही, ट्यूबचा आहे. नवीन सॅम्पल पाठवा, मी थांबते.” ते चिडले. ती तरी मागे हटली नाही. नवीन सॅम्पलमध्ये पोटॅशियम ४.३ आलं. पहिल्या आकड्यावर इन्सुलिन लावलं असतं तर चांगलं असलेलं पोटॅशियम खाली गेलं असतं. सकाळी मला रजिस्टरमध्ये सगळी नोंद सापडली, वेळेसकट. तिनं स्वतःहून काही बोलून दाखवलं नाही. मी ‘साधी’ लिहिलं ते यासाठी.

प्रतिसाद १

ताई, पत्र हेच आहे. बाकी सगळं याच्या आजूबाजूला ठेवा. असं लिहा : ‘ऑन वन नाइट शिफ्ट शी हेल्ड बॅक अ पोटॅशियम रिझल्ट ऑफ ९.२, वर्क्ड आउट दॅट द सॅम्पल वॉज कंटॅमिनेटेड, अँड आस्क्ड फॉर अ फ्रेश वन.’ डॉक्टर घाई करत होते, हेही एका वाक्यात येऊ द्या. वाचणारा स्वतःही लॅबमधलाच असेल. कॅल्शियमचा आकडाही द्या, तो दिसला की उरलेलं त्याला समजेल. आता सिन्सिअरही नको आणि ओबिडियंट तर नकोच, कारण इथे तिनं फोनवरच्या माणसाचं ऐकलं नाही म्हणूनच पेशंट वाचला.

पत्र पुन्हा वाचताना दोन-तीन जागा बघा. ‘आय नो हर सिन्स फोर इयर्स’ असेल तर ‘आय हॅव नोन हर फॉर फोर इयर्स’ करा. ‘चार वर्षांपासून’ आणि ‘२०२१ पासून’ यांना मराठीत एकच ‘पासून’ पुरतं. इंग्रजीत मुदतीला ‘फॉर’ लागतं, आरंभाला ‘सिन्स’. शिवाय आपण वर्तमानकाळात ‘ओळखते’ म्हणतो तिथे त्यांना ‘हॅव नोन’ लागतं. ‘शी हॅज जॉइन्ड इन २०२१’ मधलं ‘हॅज’ही काढा. साल सांगितलं की साधा भूतकाळ.

‘शी ऑल्वेज केम विथ डाउट्स’ असं काही आहे का? आपली शंका विचारण्याजोगी असते, डाउटमध्ये अविश्वास असतो. तिथे ‘क्वेश्चन्स’ घाला.

प्रतिसाद ४

मी जर्मनीत नोकरी करतो, तिथलं एक सांगतो. ‘शी ट्राइज हर बेस्ट’ लिहू नका. इथे नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रशस्तिपत्रात ‘त्यानं प्रयत्न केला’ असं आलं की वाचणारा समजतो, जमलं नाही. इंग्रजी पत्रातही त्याची छटा जवळजवळ तीच. मराठीत ‘खूप प्रयत्न करते’ ही शाबासकी आहे, हे तिकडच्या वाचणाऱ्याला कळणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

‘ट्राइज हर बेस्ट’ होतं, दोनदा. दोन्ही काढलं. ‘डाउट्स’ पण होतं. ‘सिन्स’ दुरुस्त केलं. पोटॅशियमचा परिच्छेद वर घेतला.

एक शब्द मात्र राहिला. ती फार समजूतदार आहे. ‘अंडरस्टँडिंग’ लिहिलं, ते पोकळ वाटतंय. ‘मॅच्युअर’ लिहिलं तर वयाचं वाटतं.

प्रतिसाद १

समजूतदार कशावरून म्हणता?

मूळ प्रश्नकर्ती

ज्या सिस्टरनं रक्त ओतलं होतं, तिचं नाव नोंदीत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, ती नवीन आहे. मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन कोणती ट्यूब कशासाठी ते सगळ्यांना दाखवून आले.”

प्रतिसाद १

हेच लिहा. ‘द नेक्स्ट डे शी वेंट टू द वॉर्ड अँड शोड द नर्सेस व्हिच ट्यूब वॉज फॉर व्हॉट.’