झुंज, सामना आणि थांबण्याचा हक्क

पारंबी (धागालेखक)

प्राण्यांच्या झुंजी लावू नयेत, याबद्दल विचारी माणसांत फारसा वाद उरलेला नाही. वाद सुरू होतो तो त्याच्या लगतच्या प्रश्नावर. दोन कोंबडे किंवा दोन कुत्रे एकमेकांवर सोडले की तो गुन्हा ठरतो, आणि दोन माणसे एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारू लागली की त्याला आपण क्रीडा म्हणतो, त्याची तिकिटे काढतो, विजेत्याच्या गळ्यात पदक घालतो. माणसाची संमती असते आणि जनावराची नसते, हे यावरचे ठरलेले उत्तर आहे. ते खोटे नाही, पण तेवढ्यावर भागत नाही असे मला वाटते.

१८३८ साली इंग्लंडमध्ये उघड्या मुठींच्या मुष्टियुद्धासाठी जे नियम लिहिले गेले, त्यांत रिंगणाच्या मध्यावर एक रेघ असे. खाली पडलेल्या योद्ध्याला तीस सेकंद विश्रांती मिळे, आणि त्यानंतरच्या आठ सेकंदांत त्याला कोणाच्याही आधाराशिवाय त्या रेघेपर्यंत चालत यावे लागे. आला नाही तर तो हरला. कुत्र्यांच्या झुंजींतही रेघा आखलेल्या असतात. दोघांना ओढून आपापल्या कोपऱ्यात धरतात, मग एकाला सोडतात, आणि तो आपण होऊन रेघ ओलांडून समोरच्यावर गेला तर झुंज पुढे चालते. झुंजींचे समर्थक नेमके इथे बोट ठेवतात: त्याला कोणी ढकलले नाही, तो स्वतः गेला, मग याहून स्पष्ट होकार कोणता?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. रेघेवर पाहिले तर माणूस आणि कुत्रा खरोखरच सारखे दिसतात. फरक आहे तो रेघेच्या मागे काय वाढून ठेवले आहे यात. जो योद्धा रेघेवर आला नाही तो सामना हरून घरी गेला. जो कुत्रा गेला नाही त्याचे काय होते, हे २००७ साली अमेरिकन फुटबॉलपटू मायकेल व्हिक याच्या खटल्यात न्यायालयासमोर आले: चाचणीत कमी पडलेल्या कुत्र्यांना फास लावून आणि पाण्यात बुडवून मारले जात होते. शिवाय, माघार घेणारे वगळून उरलेल्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या केली गेली असेल, तर आज रेघ ओलांडणाऱ्या त्या जनावराचा निर्णय त्याच्या जन्माआधीच मालकाने घेऊन ठेवलेला असतो.

म्हणून माझी कसोटी आत शिरण्याच्या परवानगीची नाही, थांबण्याच्या मुभेची आहे. लढणाऱ्याला थांबता येते का, थांबल्यावर त्याला काय भोगावे लागते, आणि त्याला स्वतःला थांबण्याचे भान उरले नाही तर त्याच्या वतीने थांबवणारा कोणी आहे का? मुष्टियुद्ध या कसोटीला सहज उतरते, असे मात्र मी म्हणत नाही.

निषाद

मांडणी नेटकी आहे, पण तिच्यात एक सोयीस्कर आंधळेपणा आहे. मांसासाठी वाढवलेली कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत कापली जाते. तेवढ्या काळात तिला धड चालताही येऊ नये इतके तिचे वजन वाढवलेले असते, आणि तिला रेघही नसते, कोपराही नसतो. झुंजीचा कोंबडा साधारण वर्षा-दोन वर्षांचा होईपर्यंत मोकळ्या हवेत वाढतो, त्याची देखभाल होते, आणि जिंकत राहिला तर पैदाशीसाठी राखला जातो. या दोघांपैकी कोणाचा जन्म घ्याल असे विचारले, तर प्रामाणिक माणूस काय उत्तर देईल? जो समाज पहिल्या प्रकाराला उद्योग म्हणतो, त्याने दुसऱ्याला क्रौर्य म्हणताना थोडी तरी लाज बाळगावी.

दुसरे असे की, झुंजींवरच्या बंदीचा इतिहास करुणेइतकाच वर्गाचाही आहे. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या, कुत्र्यांच्या आणि अस्वलांच्या झुंजी बंद झाल्या. घोड्यावर बसून शिकारी कुत्र्यांकरवी कोल्हा फाडण्याचा उमरावांचा छंद मात्र २००४ च्या कायद्यापर्यंत बिनधोक चालू राहिला. मजुराची करमणूक तेवढी रानटी ठरली.

कवडसा

निषाद, उद्योगातल्या कोंबडीविषयी तुम्ही म्हणता ते सगळे मान्य केले, तरी त्यातून खुराड्याविरुद्धचा खटला उभा राहतो, आखाड्याच्या बाजूचा नाही. वर्गाच्या मुद्द्याचेही तसेच. उमरावांना मिळालेली सूट अन्यायाची होती, म्हणून शेवटी त्यांची शिकार बंद झाली. मजुरांच्या झुंजी पुन्हा सुरू करून कोणी समता साधली नाही.

कोंबडे निसर्गतः भांडतात, हे इथे अजून कोणी लिहिलेले नाही, पण कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. ते भांडतात हे खरे आहे. पण मोकळ्या जागेतले बहुतेक भांडण एकाने मान खाली घालून पळ काढला की मिटते. आखाड्याला भिंत असते ती नेमका हा शेवट होऊ नये म्हणून. कोंबड्याच्या पायाला मूळची नखी असते, तिच्या जागी पोलादी पाते बांधतात. प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडू नये म्हणून तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी आधीच छाटलेली असते. आणि कोंबडा मधेच कोसळला, त्याच्या छातीत रक्त साचून श्वास घरघरू लागला, तर हाताळणारा त्याला उचलतो, चोच तोंडात धरून रक्त ओढून काढतो, मानेवर फुंकर घालतो आणि पुन्हा खाली ठेवतो. पारंबी यांच्या कसोटीने पाहायचे तर या एका कृतीतच सगळे आले. थांबवण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, तोच तिथे ती पुन्हा लढवण्यासाठी वापरतो.

उत्तररात्र

प्राण्यांच्या बाजूने एवढा वकिली आवेश चाललेला असताना माणसाचा मेंदू कोणाच्या खिजगणतीत नाही, याची गंमत वाटते. बहुतेक खेळांत इजा हा अपघात असतो. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध पाडणे हा विजयाचा सर्वांत निर्विवाद मार्ग आहे, म्हणजे मेंदूला झालेली इजा हाच तिथे गुण ठरतो. वारंवार ठोसे खाल्लेल्या योद्ध्यांची अडखळती चाल आणि जड झालेली जीभ यांविषयी हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ सालीच लिहून ठेवले होते, आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशन १९८० च्या दशकापासून या खेळावर बंदी मागत आली आहे.

मार्च १९६२ मध्ये न्यूयॉर्कला एमिल ग्रिफिथविरुद्धच्या सामन्यात बेनी परेट बाराव्या फेरीत कोपऱ्यात दोरांना टेकलेला होता, हात खाली आलेले होते, आणि तरी ठोसे पडत राहिले. पंच मधे पडले तोवर उशीर झाला होता. दहा दिवसांनी परेट मरण पावला. थांबवणारा माणूस रिंगणात, दोन हातांवर उभा होता. मग कुठे गेली थांबण्याची मुभा?

संमतीचे म्हणाल, तर कायद्याने तिला कधीच सर्वस्व मानलेले नाही. १८८२ सालच्या कोनी खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी स्पष्ट केले की बक्षिसासाठी उघड्या मुठींनी लढणारे दोघेही राजी असले, तरी ती मारहाणच आहे. जॉन स्टुअर्ट मिलसारख्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या कट्टर पुरस्कर्त्यानेही माणसाला स्वतःला गुलामगिरीत विकण्याचे स्वातंत्र्य नाकारले होते. ज्या अवयवाने संमती द्यायची तोच अवयव फेरीगणिक निकामी होत असेल, तर दहाव्या फेरीतल्या होकाराची किंमत किती धरायची? माझ्या मते दोन्ही प्रकार बंद व्हावेत.

मृदंग

उत्तररात्र यांनी दिलेली तथ्ये नाकारता येत नाहीत, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. स्वीडनने १९७० साली आणि नॉर्वेने १९८१ साली व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली होती. पुढे पहिल्याने २००६ मध्ये आणि दुसऱ्याने २०१४ मध्ये ती अटी घालून उठवली. प्रौढ माणसाने जाणूनबुजून पत्करलेला धोका सरकारने कुठवर रोखावा, हा प्रश्न तिथेही सुटला नाही. आठ हजार मीटरच्या शिखरावर जाणाऱ्यालाही मरण दिसत असते. त्याला आपण अडवत नाही. वर्षानुवर्षे शरीर घडवणे, भीती ताब्यात ठेवणे, आपल्या तोडीच्या माणसासमोर स्वतःला जोखणे, यांत लढणाऱ्याला स्वतःला काही गवसते. कोंबड्याला जिंकून काय गवसते? पैज जिंकतो तो मालक.

आणि थांबवण्याचे म्हणाल, तर परेटइतकेच दुसरे उदाहरणही आठवावे. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ झालेल्या मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या सामन्याच्या चौदा फेऱ्या झाल्या होत्या. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, समोरून येणारा ठोसा त्याला दिसत नव्हता, आणि तरी पंधराव्या फेरीसाठी तो उठायला निघाला होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचे न ऐकता सामना सोडला. जागतिक विजेतेपद तीन मिनिटांवर असताना! १९८२ साली चौदाव्या फेरीत कोसळलेला दक्षिण कोरियन योद्धा किम दुक-कू काही दिवसांनी दगावला, तेव्हा जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. ज्युदोत आणि मिश्र मार्शल आर्ट्समध्ये तर जमिनीवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर हाताने दोनदा थाप मारली की लढत त्या क्षणी संपते, आणि तो मान दर आठवड्याच्या सरावातही पाळला जातो. ज्या खेळाला मृत्यूची लाज वाटते, त्याची तुलना मृत्यूवर पैसे लावणाऱ्या आखाड्याशी करू नये.

निषाद

पैसे दोन्हीकडे लावले जातात, मृदंग. मुष्टियुद्धावरचा सट्टा काही परग्रहावर चालत नाही. पण तुमच्या सुधारणांच्या यादीवरून एक सरळ प्रश्न सुचतो. सरावाच्या वेळी कोंबड्यांच्या नख्यांवर चामड्याच्या छोट्या गाद्या चढवतात, हे या व्यवहारातल्या कोणालाही ठाऊक असते. त्या गाद्या झुंजीतही सक्तीच्या केल्या, वेळेची मर्यादा घातली, पळणाऱ्या कोंबड्याला वाट ठेवली आणि पशुवैद्य बसवला, तर तुमचा आक्षेप नेमका कशावर उरतो? उरत नसेल तर बंदीऐवजी नियम मागा. उरत असेल, तर तो इजेवर नाही हे कबूल करा.

कवडसा

उरतो. तो जनावर दुसऱ्याच्या हौसेचे साधन होण्यावर आहे. त्याला त्या भांडणाशी काही घेणेदेणे नसते, ते दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी, दुसऱ्याने निवडलेल्या शत्रूशी लढते. पण तुम्ही सांगता तशी निरुपद्रवी झुंज कोणी लावणार नाही, कारण ती पाहायला आणि तिच्यावर पैसे लावायला कोणी येणार नाही. मुष्टियुद्धाच्या फेऱ्या कमी झाल्या तरी प्रेक्षक टिकले. आखाड्यातून पाते काढले तर काय उरते, ते तुम्हीच सांगा.

पारंबी (धागालेखक)

निषाद यांच्या प्रश्नावर माझे उत्तर थोडे वेगळे आहे. गाद्या चढवलेली झुंज पात्याच्या झुंजीपेक्षा नक्कीच कमी वाईट आहे, आणि तसे म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही; तरी तिथे कधी थांबायचे हे मालकच ठरवणार आणि ज्याची हार होणार तोही मालकच, हा हितसंबंधांचा गुंता सुटत नाही. एडी फच यांना सामना सोडून पैसा आणि विजेतेपद गमवावेच लागले, पण त्यांच्यासमोर बसलेला माणूस त्यांना उद्या जाब विचारू शकत होता.

उत्तररात्र यांच्या मुद्द्याला मात्र मृदंग यांनी बगल दिली आहे. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये रोबेर्तो दुरान शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या फेरीत पाठ फिरवून निघून गेला. तो जखमी नव्हता, त्याला लढायचे नव्हते. नियमाने त्याला तो हक्क होता, आणि त्याबद्दल त्याची कित्येक वर्षे टर उडवली गेली. प्रेक्षक थांबणाऱ्याची अशी गत करणार असतील, तर पुढचा योद्धा डोळे मिटेपर्यंत उभा राहणारच. शिरस्त्राणाचाही आधार नाही: हौशी मुष्टियुद्धात वरिष्ठ पुरुषांसाठी ते २०१३ साली काढून टाकण्यात आले आणि २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने लढले.

प्रौढांवर बंदी मला मान्य नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या लढतींचे काय, हे इथे अजून कोणीच विचारलेले नाही. त्यांना आखाड्यात कोण आणतो, नाही म्हणण्याची त्यांची टाप असते का, बक्षिसाची रक्कम कोणाच्या हाती पडते? रेघेच्या मागे काय आहे हे पाहिले, तर ते मूल मला फ्रेझरपेक्षा त्या कुत्र्याच्या जवळ उभे दिसते. निदान त्या वयात डोक्यावरचा ठोसा नियमानेच बाद ठरवावा, याला मृदंग यांची हरकत असेल असे वाटत नाही.

मृदंग

हरकत नाही. मुलांनी पायांची चाल शिकावी, बचाव शिकावा, पिशवीवर हवे तितके ठोसे मारावेत. डोक्यावर ठोसे खाण्याचा निर्णय अठराव्या वर्षानंतर त्यांचा त्यांनी घ्यावा. मात्र उत्तररात्र, त्या अठराव्या वर्षानंतर तुम्ही पुन्हा बंदी मागाल, आणि तिथे आपले जमणार नाही.

उत्तररात्र

मागेनच. अठरा वर्षांचे कारण मला अजून कोणी सांगितलेले नाही; मेंदूची वाढ तोवर पूर्ण झालेली नसते.