गोदामावर सोलर, दारात इलेक्ट्रिक छोटा हत्ती: सांगलीच्या होलसेलवाल्यांना परवडेल का?

कृष्णाकाठ: माझं स्पष्ट मत, परवडेल, आणि आता थांबू नये. गणपती पेठेतला किंवा मार्केट यार्डातला किराण्याचा टेम्पो फिरतो कुठे? मिरज, कुपवाड, फार तर तासगाव. टाटाच्या 2022 सालच्या एस ईव्हीत, म्हणजे इलेक्ट्रिक छोट्या हत्तीत, 21.3 किलोवॅट-तासांची (तितक्याच युनिटांची) बॅटरी आहे. एका चार्जिंगवर कंपनी 154 किमी सांगते, भरल्या गाडीला शंभरच धरा, तरी दिवस निघतो. पत्र्यावर 10 किलोवॅटचं सोलर बसवलं तर रोज सरासरी चाळीसएक युनिट मिळतात. एका गाडीचं भागून वर उरतं.

यार्डातला: ऊन दुपारी असतं आणि दुपारी गाडी लाइनवर असते. ती परत येणार दिवेलागणीला. मग चार्जिंग महावितरणच्याच विजेवर ना? शिवाय यार्डात कितीतरी गोदामं भाड्याची. करार अकरा महिन्यांचा, पॅनेल पंचवीस वर्षं चालणारं. पैसे कोणी घालायचे?

कृष्णाकाठ: नेट मीटरिंग त्यासाठीच आहे. दुपारची वीज ग्रीडला द्यायची, रात्री वापरलेल्या युनिटांतून नियमात बसेल तेवढी वळती करायची.

पूररेषा: पावसाळ्याचं कोणीच बोलत नाही. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा पेठेत शिरलं. अशा वेळी वीज आधी तोडतात. आणि साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, ग्रीड बंद झालं की आपोआप बंद पडतं, कितीही ऊन असो. लाइनमनच्या जिवासाठी ती सोय असते, योग्यच आहे. पण कोयनेचा विसर्ग वाढला की रातोरात माल उंचावर हलवायचा असतो, त्या रात्री गाडी वीस टक्क्यांवर असली तर? माझ्या मते पेठेत निदान एक डिझेलची गाडी राहायलाच हवी. चार्जर, इन्व्हर्टरही तळमजल्यावर नको.

मिरजेची: सुरुवात किराण्यापासून कशाला? दुधाची, पावाची गाडी पहाटे निघते आणि नऊ-दहाला रिकामी होऊन दारात लागते. नेमकी उन्हाच्या वेळी उभी! तिथे सोलरची वीज थेट बॅटरीत जाईल.

कृष्णाकाठ: हे पटलं. पुराचंही मान्य, सगळ्या गाड्या एकदम बदलू नयेत.

यार्डातला: दुधाच्या गाडीला माझाही विरोध नाही. पण डेअरीची जागा स्वतःची असते. भाड्याच्या गोदामाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. कोणा जागामालकाने पॅनेलसाठी लांब मुदतीचा करार केला असेल तर अटी इथे लिहा, मी माझ्या मालकापुढे ठेवतो.